खर्जाची उसनी तार

पुण्याहून निघालो तेव्हा शमुवेल सरांनी उजवा हात शालीखाली ठेवला होता. मार्च संपत आला होता, शालीची काही गरज नव्हती. शिरूर मागे पडलं, घोडनदीचा पूल ओलांडून आम्ही नगर जिल्ह्यात शिरलो, तेव्हा त्यांनी तो हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

"शैला, ही करंगळी बघ."

मी बघितली. काहीच होत नव्हतं.

"मी तिला वाकायला सांगतोय," ते म्हणाले. "ऐकत नाही."

मी पियानो जुळवते. माझे वडील हेच काम करत. त्यांच्यामागे त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आली आणि शमुवेल सरांचा पियानो जुळवण्याचं कामही. सर त्र्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं ते युरोपात मोठमोठ्या सभागृहांत वाजवत होते. पण पहिले धडे गिरवले ते नगरच्या एका जुन्या चर्चमधल्या पियानोवर. त्याच चर्चमध्ये, त्याच पियानोवर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ते वाजवणार होते. पियानोची जुळवणी करायला मी बरोबर होते.

हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला होता. त्यातून ते पूर्ण बरे झाले असं आम्ही सगळे समजत होतो.

"कधी ऐकते, कधी नाही," ते म्हणाले. "आणि कधी ऐकणार नाही ते आधी सांगत नाही."

"मग सर, काहीतरी सोपं वाजवा ना."

"माझ्या गावात जाऊन सोपं वाजवू?" त्यांनी हात पुन्हा शालीखाली घेतला. "तुला सांगितलं, कारण तुझ्या कानाला कळणारच. बाकी कुणाला कळता कामा नये."

ते जे वाजवणार होते ते मूळचं ऑपेराचं गाणं, म्हणजे रंगमंचावरच्या संगीत नाटकातलं. चारजण एकाच वेळी गातात, चौघांचं दुःख वेगळं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा वादकाने ती चौघांची गाणी पियानोवर दोन हातांत बसवली, तीही अशी की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. त्यातलं सगळ्यात वरचं गाणं एका मुलीचं. ते गाणं उजव्या करंगळीवर चालतं.

सुप्याच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या दिसल्या, मग कारखान्यांच्या शेड, मग उसाचे ट्रॅक्टर. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय. आम्ही गाडीत नगरच म्हणत होतो. आमचे चालक रफीकभाई नगरचेच. ते आरशात बघून म्हणाले, "सर, आपल्या नगरात असा कार्यक्रम पहिल्यांदाच होतोय. माझ्या घरची सगळी येणार आहेत." सरांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

चर्च दगडी, आतून थंड. पियानो मोठा, आडवा, काळा. झाकण उघडलं तर आत उंदराने कधीकाळी केलेलं घरटं. नगरच्या कोरड्या हवेने लाकूड आक्रसलं होतं, खुंट्या सैल झाल्या होत्या. शुक्रवारी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी एकेक तार ओढत होते. जुनी तार ओढताना माणूस श्वास रोखून धरतो. एकही तुटली नाही. मला वाटलं, सुटले.

शनिवारी सकाळी साडेनऊला सर सरावाला बसले. करंगळी ऐकत होती. मी मागच्या बाकावर बसून निश्चिंत होत होते, तेवढ्यात खालच्या एका सुरावर त्यांचा डावा हात पडला आणि आत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

खर्जाची तार गेली होती. वरच्या सुरांना तीन-तीन तारा असतात; एक तुटली तरी भागतं. अगदी खालच्या सुराला एकच असते, जाड, वर तांबं गुंडाळलेली. ती मापाने करून घ्यावी लागते, माझ्या पेटीत नसते. तुटली तीही गुंडाळीच्या मध्यात. गाठ मारायला जागा नाही. आणि तोच सूर त्या तुकड्याचा पाया. सर सारखे तिथेच परत येत होते.

चर्चचे पाळक धावत आले. जरा विचार करून म्हणाले, "पारनेरच्या पलीकडे एका वाडीत आपल्या लोकांचं लहान चर्च आहे. तिथे एक जुना उभा पियानो आहे. किल्ली सगुणाबाईंकडे असते."

दहाला रफीकभाईंनी गाडी काढली. सर म्हणाले, "जा. मी हाताला समजावतो."

पारनेर मागे टाकलं तशी जमीन उघडी पडत गेली. ज्वारी काढून झालेली रानं, कडब्याच्या गंजी, मधेच एखाद्या शेततळ्याचा निळा प्लास्टिकचा कागद. वाडीचा फाटा आम्ही चुकलो. चार किलोमीटर पुढे गेल्यावर एका मेंढपाळाने परत फिरवलं. वाडीत पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

सगुणाबाई पंच्याहत्तरीच्या असतील. नऊवारी, कमरेला किल्ली. मी घाईघाईने काय हवंय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन्ता सूर?"

चर्चमध्ये जाऊन मी दाखवला. पियानोचे निम्मे सूर मेलेले होते. तो मात्र घुमला, स्वच्छ.

"त्यो न्हाई द्यायचा," त्या म्हणाल्या.

"मावशी, आजच्या दिवसापुरता—"

"आमच्या चर्चला घंटा न्हाई. कुनी गेलं तर ह्योच सूर वाजिवत्यात. वाडीला कळतं. माझ्या मालकांच्या टायमाला मीच वाजिवला हुता." त्यांनी पियानोवर हात ठेवला. "उद्या कुनाला बोलावनं आलं तर काय वाजवू?"

उद्या परत आणून बसवते म्हणाले, पण ते मलाच पोकळ वाटलं. शेवटी मी सरांचं गुपित फोडलं. त्यांच्या करंगळीचं सांगितलं. ही त्यांची शेवटची वेळ असेल असं मला वाटतं, हेही सांगितलं. तोवर ते मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

सगुणाबाईंनी कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाल्या, "काडा तार. पर मी संगं येनार. माझी तार जाती तिथं मी जानार. भाचीकडं ऱ्हाईन रातच्याला."

तार निघायला तासभर लागला. गंजलेली खुंटी हलेना आणि जोर करावा तर तार तुटायची भीती. तोवर सगुणाबाईंनी रफीकभाईंना आणि मला जेवायला बसवलं. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, तिखट रश्शात शिजवलेल्या) आणि बाजरीची भाकरी. मी उभ्यानेच चार घास खाल्ले. "बसून खावा," त्या ओरडल्या, "तार कुटं पळून जाती का?"

परतताना ती तार गुंडाळून मी मांडीवर धरली होती, आणि माझ्या शेजारी सगुणाबाई तिच्यावर नजर ठेवून होत्या.

तीन वाजता चर्चमध्ये पोहोचलो. तार थोडी आखूड होती. पुढे साधी तार गाठीने जोडली, खुंटीला गुंडाळली, ओढली. सूर आला आणि दहा मिनिटांत उतरला. नव्याने बसवलेली तार ताणत राहते, तिला आठवडा लागतो. मला अडीच तास होते. ओढायची, थांबायची, ऐकायची, पुन्हा ओढायची. प्रत्येक वेळी गाठीकडे बघायचं, सरकते का म्हणून. सव्वापाचला लोक आत येऊ लागले तेव्हाही मी वाकलेलीच होते.

चर्च भरलं. सरांच्या शाळेतले दोन म्हातारे मित्र, रफीकभाईंचं सगळं घर, पहिल्या बाकावर सगुणाबाई. मी पियानोजवळ खुर्ची घेतली, जुळवणीची चावी मुठीत. सरांनी वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली.

पहिली पाच मिनिटं मी फक्त गाठीकडे बघत होते. खर्ज धरून होता. मग मान वर केली, आणि मला वरच्या गाण्यात खाच ऐकू आली. एक सूर गेला. थोड्या वेळाने आणखी एक. मग सलग तीन. बाकी तिघे गात होते, बोटं धावत होती, लोकांचे डोळे विस्फारलेले होते. आणि ती मुलगी मात्र अडखळत, अडखळत गप्प होत चालली होती. सरांच्या कपाळावरची शीर फुगली. मी मोजायला लागले. मोजू नये असं वाटत होतं, पण कान थांबेना.

सुरांच्या एका लांब धावेच्या मध्यावर सर थांबले.

त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. कुणी टाळी वाजवली नाही, संपलं नाही हे कळत होतं. मागे कुणीतरी खोकलं. सर सुरांच्या पट्टीकडे बघत होते, आणि मला दिसलं की ते आता उठणार. मी अर्धी उठले.

"दम घ्या, दादा," सगुणाबाई पहिल्या बाकावरून मोठ्याने म्हणाल्या. "आमाला घाई न्हाई."

सरांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्या कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. ते हसले. हात चोळला, पुन्हा पट्टीवर ठेवला आणि दोन पानं मागे जाऊन सुरू केलं. पण हळू, निम्म्या गतीने. करंगळी जिथे ऐकेना तिथे ते शेजारचं बोट आणत, तेही न पोचलं तर डावा हात उजव्यावरून पलीकडे नेत. तोंडात बोट घालण्यासारखं त्यात काही उरलं नाही. चारजण गात होते आणि चौघांचा शब्द न् शब्द कळत होता. शेवटी डावा हात खाली आला, वाडीच्या तारेवर. तो सूर विझेपर्यंत सरांनी पाय सूर लांबवणाऱ्या पेडलवरून काढला नाही.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. मी गाठ तपासली. केसभर सरकली होती.

रविवारी सकाळी सगुणाबाईंना वाडीत पोचवून मी तार जागेवर बसवली. सरही बरोबर होते; त्यांनी स्वतः तो सूर एकदा दाबून बघितला. "दादा, नका," त्या घाईने म्हणाल्या, "लोकं गोळा हुतील." खरोखरच दोघेजण कोण गेलं म्हणून बघायला आले.

पुण्याच्या वाटेवर सुप्याला चहाला थांबलो. सरांनी कप डाव्या हाताने उचलला.

"किती सूर गेले?" त्यांनी विचारलं.

निघताना मी मनाशी ठरवलं होतं की काहीही बिघडलं तरी छान झालं म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं म्हणजे त्याच्याशी थोडं खोटं बोलायचं, असं आपण सगळेच धरून चालतो. ते वाक्य तोंडाशी आलंही होतं.

"एकोणीस," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. "मी सतरा धरले होते," ते म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. कप बाजूला सारून त्यांनी दोन्ही हात त्या पत्र्याच्या टेबलावर पट्टीवर ठेवावेत तसे ठेवले. "ते दोन कुठले? दाखव."