बदलांची यादी

जूनचा दुसरा सोमवार. सकाळी अकरा. शाखांची साप्ताहिक व्हिडिओ बैठक, मुख्य कार्यालय, बीड.
हजर : मी, संगणक विभाग. कार्यालय अधीक्षक, माझ्या शेजारच्या खुर्चीत. नेकनूरसह आठ शाळांचे लिपिक, सर्वांचे कॅमेरे बंद.
गैरहजर : तलवाडा.

हे माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात मी संगणक सांभाळते, आणि जे वहीत नाही ते झालंच नाही असं मानायची मला सवय आहे. त्या सोमवारी मात्र वहीत न मावणारं काहीतरी चाललं होतं. एरवी बैठकीआधी कोणी चहा पीत असतं, कोणी आवाज चालू ठेवून शिपायाला झापत असतं. त्या दिवशी सगळे गप्प. आठ काळे चौकोन आणि त्यांच्यामागे आठ माणसं कान देऊन बसलेली.

विषय साधा होता. बैठकांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो त्याची जुनी आवृत्ती बंद होणार होती. कंपनी आम्हा अ‍ॅडमिन लोकांना अधूनमधून इंग्रजीत लांबलचक यादी पाठवते. कोणतं बटण कुठे गेलं, काय बंद होणार, काय नव्यानं दिसणार. त्यातलं आपल्याला लागू तेवढं निवडायचं आणि शाखांना वेळेत कळवायचं, हे माझं काम. शुक्रवारी संध्याकाळी मी मराठीत पान तयार केलं, अधीक्षकांची सही घेतली आणि लिपिकांच्या ग्रुपवर टाकलं :

विषय : शाखानिहाय बदल. पहिला टप्पा नेकनूर. दुसरा टप्पा तलवाडा. उरलेल्या शाखा त्यानंतर. जुन्यावर राहता येणार नाही. कोणालाही सूट नाही. अडचण असल्यास कारण लेखी कळवावे.

पान आटोपशीर झालं होतं. मी खूश होते.

बैठकीत पहिला आवाज नेकनूरच्या लिपिकाचा आला. "मॅडम, पहिल्याच टप्प्यात नेकनूर कावून?"

मी सांगितलं की शाखा लहान आहे, काही बिघडलं तर तिथल्या तिथे कळेल, मोठ्या शाखांना त्रास नको.

"म्हंजे बिघडलं तर आमचंच बिघडू द्यायचं." मग त्यानं विचारलं, "यादी कोणी केली?"

"मीच केली."

अधीक्षक मोबाइलमध्ये बघत होते. मला संशय आला की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये या मंडळींची काहीतरी सोय आहे, म्हणून नव्याला विरोध. वहीत लिहिलं : नेकनूरवर लक्ष ठेवणे.

मंगळवारपासून लेखी कारणं यायला लागली. एकाची आई गुडघ्यानं अधू. एकाची बायको त्याच गावात अंगणवाडी चालवते. नेकनूरच्या लिपिकानं दोन म्हशींचा उल्लेख केला होता, त्यातली एक गाभण. सॉफ्टवेअर बदलायला म्हैस कशी आडवी येते ते मला कळेना. सगळे मिळून माझी टर उडवताहेत, असं मी ठरवून टाकलं आणि अर्ज तारीखवार लावून अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. तुम्हीच वाचा म्हटलं.

तलवाड्याहून अर्जही नव्हता. तिथला संगणक माझ्या पडद्यावर शुक्रवारपासून बंद दिसत होता. तिथल्या लिपिकबाई फोन उचलत नव्हत्या. बाई जुन्या, कामाला चोख, आणि म्हणूनच संशय जास्त. बुधवारी सकाळी गेवराईची एसटी धरली, पुढे जीपनं तलवाडा.

शाळेत पोचले तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं. कार्यालय उघडं, खुर्ची रिकामी. संगणकावर धुतलेला टॉवेल अंथरलेला. तो उचलला तर वरच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर लाल टिकली चिकटवलेली. मेजाला कुलूप नाही, रजिस्टर उघडं. मी वाट बघत बसले. दीडला बाई आल्या, पदराला हात पुसत. मला बघून दारातच उभ्या राहिल्या.

मी टिकलीकडे बोट दाखवलं. बंद असला तरी बघतो म्हणतात, असं त्या म्हणाल्या, आणि खण उघडून माझंच पान काढून पुढे ठेवलं. घडीवर घडी पडून ते मऊ झालं होतं.

"मॅडम, माझा नंबर दुसऱ्या टप्प्यात लावला. एका शब्दानं इचारलं बी न्हाई."

"नंबर कसला?"

"बदलीचा."

मी पान त्यांच्या हातातून घेतलं आणि पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं. जून महिना. शाखानिहाय बदल. जुन्यावर राहता येणार नाही. आमच्या संस्थेत जून म्हणजे बदल्यांचा महिना, आणि माझ्या पानावर सॉफ्टवेअर हा शब्द एकदाही नव्हता. मला तो लिहायची गरज वाटली नव्हती. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

"ताई, ही बदलांची यादी आहे, बदल्यांची नाही. संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणार आहे. तुम्ही इथंच."

त्यांचा लगेच विश्वास बसला नाही. साहेबांची सही कशाला मग, कोणाला सूट नाही असं का लिहिलं, अशी एकेक ओळ त्यांनी बोट ठेवून विचारली. प्रत्येक ओळीला उत्तर देताना मला माझीच लाज वाटत गेली. मग त्या खाली बसल्या आणि रडल्या नाहीत, फक्त पाणी प्यायल्या. त्यांच्या मालकांना अर्धांगवायू आहे. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. दुपारी जाऊन त्यांना भरवायचं, कूस बदलून द्यायची आणि परत यायचं. दुसऱ्या गावी बदली झाली तर नोकरी तरी सोडायची, नाहीतर त्यांना दिवसभर एका कुशीवर ठेवायचं. हे सगळं त्यांनी हिशोब सांगावा तसं सांगितलं.

नवी आवृत्ती मी तिथंच संगणकात चढवून दिली. नावापुढे हिरवा ठिपका आला. हा ठिपका कसला, त्यांनी विचारलं. जागेवर असलं की हिरवा, उठून गेलं की पिवळा, मी म्हणाले.

"मी कवा उठले ते बीडला कळतं का?"

खोटं बोलणं जमलं नाही. "अहवाल काढला तर कळतं. पण तो काढायचा अधिकार फक्त माझ्याकडे आहे."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

गुरुवारी सुधारलेलं पान ग्रुपवर गेलं, 'सॉफ्टवेअर' तीनदा घालून. दहा मिनिटांत नेकनूरचा फोन. "मॅडम, आमी तर म्हशीला गिऱ्हाईक बघितलं व्हतं. लई पाप लागलं असतं तुमाला." पलीकडे दोघंतिघं हसत होते. मीही हसले, आणि वहीतली नेकनूरची ओळ खोडली.

शुक्रवारी अधीक्षकांनी बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. त्यांच्यासमोर मी लावून दिलेले अर्ज होते, काहींवर पेन्सिलीनं खुणा. नव्या आवृत्तीत कोण किती वेळ जागेवर असतं ते निघतं म्हणे, त्यांनी विचारलं. निघतं, मी म्हणाले. मग तलवाड्याचा या आठवड्याचा अहवाल द्या. सहज.

नऊ शाखांतून तलवाडाच का, हे मला विचारावं लागलं.

"तुमच्याच दौऱ्याच्या अहवालात आहे की." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. १२.४० ते १.३०, लिपिक जागेवर नाहीत. माझंच अक्षर. बुधवारी परतल्यावर मी सवयीनं सगळ्या वेळा लिहून अहवाल जमा केला होता.

त्या का उठल्या होत्या ते मी सांगितलं. ते ऐकून घेताहेत असं वाटलं. मग म्हणाले, "मॅडम, कारणं सगळ्यांकडे असतात. हा गठ्ठा बघा. सचिवसाहेब म्हणाले, एवढे अर्ज आलेच आहेत तर यंदा बदल्या करूनच टाकू. कल्पना तुमचीच म्हणायची."

ते खरंच हसत होते की मला चाचपत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. अर्ज परत मागितले तर ते म्हणाले, आवक क्रमांक पडलेत. तलवाड्याच्या बाईंचा अर्जच नव्हता, म्हणजे त्यांच्या बाजूनं कागदावर काहीच नाही. दुपारीच मी त्यांना फोन करून कारण लेखी पाठवायला सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, आता ही कोणती यादी?"

आज अधीक्षकांनी दोनदा आठवण केली. नेट नाही, असं मी दोन्ही वेळा सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्या पडद्याकडे वाकून बघितलं. अहवाल काढायचं बटण उजव्या कोपऱ्यात आहे. ही सोय सगळ्या शाखांसाठी बंद करायचं बटण त्याच पानावर, खाली. तेही फक्त मलाच दिसतं, पण दाबलं की कोणी आणि कधी दाबलं याची नोंद कायम राहते. बाईंचा अर्ज अजून आलेला नाही. आजच्या पानावरची बाकी सगळी कामं झाली. 'तलवाडा, अहवाल' ही ओळ तशीच आहे.