हेर एबर्ले यांचा दुसरा कप

हेर एबर्ले, म्हणजे श्रीयुत एबर्ले, आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दारातच पाच मिनिटं अडकले. आम्हाला वाटलं, दम लागला असेल. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पण दम वगैरे काही नव्हता. त्यांनी बूट काढले, वाकून ते दाराकडे तोंड करून जोडीने ठेवले आणि मग शेजारी पसरलेले आमचे अकरा जोडही तसेच लावले. माझी एक कोल्हापुरी चप्पल कपाटाखाली गेली होती, तीही छत्रीच्या टोकाने बाहेर ओढून तिच्या जोडीदाराशेजारी ठेवली. मग ताठ उभे राहून म्हणाले, "आल्झो. ग्रूस गॉट." म्हणजे, हं तर, नमस्कार.

ते आमचं घर तपासायला आले होते. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातल्या आमच्या क्रीडा मंडळाची टेबल टेनिसची मुलं एक वर्षाआड जपानमधल्या एका लहान गावी जातात आणि तिथली मुलं इकडे येतात. ज्या घरातलं मूल जाणार, त्या घराने तिकडचं एक मूल दहा दिवस ठेवून घ्यायचं, असा नियम. हेर एबर्ले मोटारींच्या कारखान्यात रंगकामाचे फोरमन होते. निवृत्त झाल्यापासून हा सगळा कारभार तेच पाहत, आणि त्यांनी घर पाहून हो म्हटल्याशिवाय कुणाचंही नाव यादीत चढत नसे.

आमच्या इराला त्या यादीत जायचं होतं. पंधरा वर्षांची इरा मराठी समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, त्यामुळे आमच्या घरात एकच भांडण रोज दोन भाषांत चालतं. जपानच्या बाबतीत मात्र ती दोन वर्षं एकही शब्द न भांडता सरावाला जात होती. आणि आता तिच्या कानावर आलं होतं की मंडळातल्या कुणाच्या तरी आईने, अगदी सौम्यपणे, शंका काढली आहे. ती मुलं एवढ्या लांबून जर्मन कुटुंब बघायला येतात, मग त्यांना या घरी ठेवणं बरोबर होईल का?

तपासणीच्या आदल्या दिवशी इरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बिट्टे, बाबा," अशी विनवणी केली आणि पुढचंही सगळं जर्मनमध्येच सांगितलं. देव फक्त एक तासासाठी खाली तळघरात ठेवता येतील का?

मी नोकरीत गुणवत्ता विभागात आहे. दुसऱ्यांच्या मालातली खोट काढायचा पगार घेतो. त्यामुळे तपासनिसाला काय दाखवू नये हे मला चांगलं कळतं. मी हो म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते, पण तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. माझी बायको मेधा म्हणाली, "तू ने. मी हात लावणार नाही. आणि निदान टायरवर तरी ठेवू नकोस." तेव्हा पुण्याहून विमानात मांडीवर बसवून आणलेला आमचा सागवानी देव्हारा मी तळघरातल्या आमच्या कोठडीत नेला, हिवाळी टायरच्या शेजारी एका सुटकेसवर ठेवला आणि वर चादर टाकली. घरात दोन दिवस फोडणी झाली नाही. फेब्रुवारीत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून आम्ही स्वेटर घालून बसलो. मेधाने सफरचंदाचा केक केला.

हेर एबर्ले यांनी पलंग पाहिला, खिडकी उघडते का पाहिलं, धुराच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजवून पाहिला. प्रत्येक गोष्टीनंतर फॉर्मवर एक बरोबरची खूण. इराचा चेहरा खुणेगणिक सैल होत होता. शेवटी ते म्हणाले की पाहुणी मुलगी खेळाच्या हॉलवर सायकलने येईल, तेव्हा तिला मिळणारी सायकल दाखवा.

सायकल तळघरात होती. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

खाली त्यांनी ब्रेक दाबून पाहिले. ब्रेक उत्तम होते. चाकात हवा कमी होती, म्हणून त्यांनी पंप शोधायला इकडेतिकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत चादर उचलली. आत गणपती, बाळकृष्ण, पळी घेतलेली अन्नपूर्णा आणि सकाळचं सुकलेलं फूल. इरा जमिनीकडे पाहत राहिली. हेर एबर्ले यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हे इथे राहतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही, वर राहतात, आज फक्त तुम्ही येणार म्हणून.

ते माझ्याशी नव्हे, इराशी बोलले. "जपानमध्ये मी राहिलो त्या बहुतेक घरांत असा एक कोपरा होता. सकाळी माणूस आधी तिथे जातं, मग चहा पितं. ती मुलगी तुमच्याकडे येईल आणि उठल्यावर असा कोपरा शोधेल. तिला काय टायर दाखवणार?"

नंतर त्यांनी विचारलं की हात कुठे धुता येतील, कारण बोटांना साखळीचं ग्रीस लागलं होतं. कपडे धुण्याच्या खोलीत त्यांनी साबणाने हात धुतले, आपल्या रुमालाला पुसले आणि देव्हाऱ्याची एक बाजू धरली. दुसरी इराने धरली. माझ्याकडे घंटा आणि चादर आली. प्रत्येक मजल्यावर थोडं थांबत देव वर आले. मेधाने दार उघडलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेर एबर्ले यांनी पुन्हा बूट काढले, दाराकडे तोंड करून ठेवले आणि फॉर्मच्या तळाशी शेरा लिहिला : 'पाहुणीला केक नको, रोजचं जेवण द्यावं.' निघताना म्हणाले, "घराला कसलाच वास नव्हता. मला तेव्हाच शंका आली."

त्यानंतर मी त्यांना दर शनिवारी मंडळाच्या खोलीत पाहू लागलो. जपानला जाणाऱ्या मुलांचे ते वर्ग घेत. भेट दोन्ही हातांनी द्यायची आणि घ्यायची. टबमध्ये उतरण्याआधी बाहेर स्टुलावर बसून, बादलीतून पाणी घेऊन स्वच्छ आंघोळ करायची. हे ऐकून सगळी मुलं हसली. इरा हसली नाही, कारण आमच्याकडे स्टूल आणि बादली आहेच. त्यांचा नियम एकच होता, "आधी बघा. मग तसं करा. बोलायचं राहून गेलं तर राहू द्या." स्वतः त्यांना इतक्या वर्षांत जपानी आलं नव्हतं. तिकडच्या मंडळाच्या प्रमुखांशी ते आमच्या भागातल्या श्वाबियन बोलीत सावकाश बोलत आणि ते गृहस्थ सावकाश जपानीत उत्तर देत. दोघांचं कधी भांडण झालं नाही, त्याचं कारण बहुधा हेच असावं. कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या भागात म्हणच आहे, "नेट गशिम्फ्ट इश ग्लोब्ट गनूग." रागावलो नाही, एवढं कौतुक पुरे.

एप्रिलमध्ये हारुका आली. सोळा वर्षांची, इरापेक्षा बुटकी आणि इरापेक्षा शांत. तिने सुबक बांधलेला मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, इराने वर्गात शिकल्याप्रमाणे तो दोन्ही हातांनी घेतला आणि ती लगेच उघडायला लागली. हारुकाने मात्र खोलीभर नजर फिरवली. देव्हारा दिसल्यावर तिने खुणेने परवानगी विचारली, डबा परत घेतला, देवांपुढे ठेवला, घंटा एकदा वाजवली आणि हात जोडले. मेधा झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमच्याकडे आलेली प्रत्येक नवी वस्तू आधी देवापुढे जाते, हे इराला पंधरा वर्षं सांगून झालं होतं.

मग हारुकाने गणपतीकडे आदराने बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "आजोबा?"

त्यांच्याकडे त्या कोपऱ्यात घरातली गेलेली माणसं असतात, हे आम्हाला नंतर समजलं. त्या वेळी इरा नाही एवढंच म्हणू शकली. मग आजोबा नाहीत तर कोण, हे तिला सांगता येईना. ती स्वयंपाकघरात येऊन मेधाला हळूच विचारू लागली, ती पळीवाली बाई कोण आहे? त्या दहा दिवसांत इराने स्वतःच्या घरातल्या देवांची माहिती एका जपानी मुलीसाठी गोळा केली. आम्ही शहाण्यासारखे गप्प बसलो.

उन्हाळ्यात इरा तिकडे गेली. हारुकाच्या आजीने तिला रोजचं एक काम नेमून दिलं. कुकरमधला पहिला भात छोट्या वाटीत काढून आजोबांच्या फोटोपुढे ठेवायचा. एका दुपारी, तिकडे संध्याकाळ असताना, तिचा फोन आला. "आई, आपण नैवेद्य दाखवताना पाणी कसं फिरवतो? इथल्या आजीला बघायचंय." पूर्ण वाक्य मराठीत होतं. मेधाने फोनवर पाण्याचा चौकोन काढायला शिकवला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ काही काम केलं नाही. विमानतळावर परत आल्यावर प्रत्येक पालक मुलांबरोबर गेलेल्या हेर एबर्ले यांना आपल्या मुलाबद्दल विचारत होता. इराबद्दल ते म्हणाले, "तक्रार नाही." आम्ही त्या आनंदात घरी गेल्यावर पुरणपोळ्या केल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मंडळाचं काम सोडलं. तब्येत बरी नाही असं कळलं म्हणून मी मेधाच्या चकल्या घेऊन सकाळी त्यांच्या घरी गेलो. बूट काढून दाराकडे तोंड करून ठेवले. ते पाहून ते काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर ठेवले असावेत. बैठकीच्या खोलीत फडताळावर त्यांच्या पत्नीचा, गेर्ट्रूड यांचा फोटो होता आणि फोटोपुढे वाफाळता कॉफीचा कप. मी पाहतो आहे हे त्यांनी पाहिलं.

"आल्झो," ते म्हणाले, "मशीनमध्ये एका वेळी दोनच कप होतात."

मग तेच सांगू लागले. जपानमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा यजमान रोज सकाळी वडिलांच्या फोटोपुढे भात ठेवायचे. तेव्हा त्यांना ते वेडेपणाचं वाटलं होतं. मेलेला माणूस जेवतो का? मग गेर्ट्रूड गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने दोन कप कॉफी झाली आणि दुसरा कप हातात घेऊन ते स्वयंपाकघरात उभे राहिले. "ओतून कशी देणार?" ते म्हणाले. काटकसरी श्वाबियन माणूस कॉफी ओतून देत नाही हे मला माहीत होतं. पण ते म्हणताना त्यांनी फोटोपुढचा कप उगाचच सरळ केला, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दुपारी तो कप तेच पीत, गारच. मी म्हणालो, आमच्याकडेही नैवेद्य शेवटी आपणच खातो. त्यांनी मान हलवली. "गेनाऊ, अगदी तसंच," म्हणाले, आणि एक चकली फोटोपुढे ठेवून एक स्वतः खाल्ली.

ते मार्चमध्ये गेले. दफनाला मंडळाची सगळी मुलं आली होती. इरा तिथे रडली नाही. घरी आल्यावर तिने दारातले सगळे जोड दाराकडे तोंड करून लावले आणि तिथेच फरशीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. मी खोलीत आलो तेव्हा देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर काळ्या कॉफीचा कप होता. गेलेल्या माणसाचं काही देवांजवळ ठेवत नाहीत, असं मेधाच्या माहेरी कडक आहे, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मेधा कपाकडे पाहत होती.

"साखर घातलीस का?" तिने विचारलं.

"नाही," इरा मराठीत म्हणाली. "ते बिनसाखरेचीच प्यायचे."

मेधा रागावली नाही. तिने निरांजन लावलं, कप जरासा बाजूला सरकवला आणि डबे भरायला गेली. इरा शाळेत गेली, मेधा कामावर गेली. त्या दिवशी मी घरून काम करत होतो. दुपारी जेवण झाल्यावर कप उचलला. कॉफी पार गार झाली होती आणि मला काळी कॉफी आवडत नाही. सगळी प्यायलो. ओतून कशी देणार?