नातीची दुर्बीन अन् माहा उजवा डोळा

त्या दिशी हिंगोलीच्या दुकानात आमी चौघंच व्हतो. एक मी. एक माही नात, लेकाची लेक, नववीतली. एक माही धाकली जाऊ, जिला बसमधी खिडकी लागते अन् बोलायला मानूस लागते. अन् चौथा दुकानदार, शाळेचं सामान इकनारा, पोक्त मानूस. लेक अन् सून हळद काढाय शेतात व्हते. पाचवं कोनी न्हवतं.

मी भित्री बाई न्हाई. नवरा गेला तवा लेक मांडीवर व्हता. हळद शिजवताना कढईची वाफ हातावर आली, कातडं सोलून निघालं, दुसऱ्या दिशी त्याच हातानं भाकरी थापली. दारात साप निघाला तं काठी घेऊन मीच उभी राहिले, गडी मानसं मागं. पर त्या दुकानात मी लई भ्याले. कशापायी ते सांगते, नात लिहून घेऊन राहिली.

नातीला पायजे व्हती दुर्बीन. लांबचं बघायची न्हाई, बारीक बघायची. शाळेत तिला मायक्रोस्कोप म्हनतेत. शाळेत ती एकच, अन् वर्गभर पोरंपोरी. हिची पाळी आली तवा शिंक यावी एवढाच येळ मिळाला. कांद्याचा पापुद्रा बघितला म्हने. तवापासून पोरगी येडी झाली. हळदीची मुळी, टाक्यातलं पानी, डोस्क्यातली ऊ, समदं तिला मोठं करून बघायचं. लेक म्हनला, "पुढच्या साली बघू." मी जवळा बाजारात माही एक शेळी इकली व्हती. म्हनलं, तेवढ्यात बसंल ती घेऊ. ल्हान का असंना, खरी पायजे.

दुकानदारानं तीन मांडल्या. एक पलास्टिकची, रंगीत खोक्यातली, खोक्यावर हा एवढा आकडा, का इतक्या पटीनं मोठं दिसते. दुसरी मोबाईलला जोडायची. तिसरी लोखंडाची, जड, कुन्या कालेजातून निघालेली, रंग उडालेली, बुडाला गोल आरसा.

जाऊ लगेच म्हनली, "बाई, ती खोक्यातली घ्या. आकडा बघा केवढा हाय."

"धाकले आज्जे, आकड्यावर जायचं न्हाई," नात म्हनली. "आमच्या म्याडम सांगतेत, आकडा कितीबी छापता येते. काच चांगली पायजे. अन् चाक फिरवल्यावर जिथं ठेवलं तिथं राहिलं पायजे."

अन् पोरगी एकेक उचलून बघू लागली. बाजूचं चाक वर-खाली फिरवलं, नळी हलवून बघितली, काच उजेडाला धरली.

"बघा, बघा," जाऊ दुकानदाराला म्हनली, "बकरीचे दात बघावं तसं बघून राहिली. आजीचंच वळन."

"बघू द्या मावशी," त्यो हसला. "इथंच बराबर तपासा. घरी गेल्यावर तकलीफ नको."

मोबाईलवाली नातीनं बाजूला सारली. मोबाईल बापाचा, बाप दिवसभर शेतात. राहिल्या दोन. तिनं डब्बीतून घरचा कांदा काढला, पापुद्रा सोलला, काचेच्या पट्टीवर पान्याच्या थेंबात ठेवला अन् लोखंडाचीच्या खाली सरकवला. आरसा दाराकडं फिरवून उजेड घेतला. स्वता बघितलं न्हाई. म्हनली, "आज्जे, शेळी तुही. पयली नजर तुही."

आमच्यात नवं काही सुरू करायचं तं उजव्यानं. सून घरात येते ती उजव्या पायानं, नव्या चुलीला कुकू लावायचं ते उजव्या हातानं. म्या म्हनलं, मंग नजर बी उजवी. डावा डोळा हातानं गच्च झाकला अन् उजवा नळीला लावला.

काळं. तव्याचं बूड असते तसं.

"चाक फिरव," नात म्हनली. फिरवलं. काळंच. म्या म्हनलं, "ही खराब हाय. ती दुसरी दाव." पलास्टिकचीत तं आतमधी बल्ब व्हता. तिथंबी काळं. तवर जाऊनं मला कोपरानं सारलं अन् लोखंडाचीवर वाकली. "बाई गं! विटाची भिंत बांधल्यावानी दिसून राहिली की! ओळीनं!"

दुर्बीन खराब न्हवती.

मला माही माय आठवली. माहेर माहं पुसेगावाकडं. मायला उतरत्या वयात कडंचं दिसंना. दुखत न्हवतं, लाल न्हवतं, पानी येत न्हवतं. समदा गाव म्हनला, मोतीबिंदू हाय, पिकू द्या, पिकल्यावर काढतेत. आमी आढीतल्या आंब्यावानी वाट बघितली. दोन उन्हाळे गेले. एक दिवस मी माहेराला गेले, तिच्या म्होरं उभी राहिले, चांगलं ऊन पडलेलं. तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला अन् इचारलं, "कोन, थोरली का?" पुढं ती गव्हातले खडे बोटानं निवडायची. आमी लोकायला कौतुकानं सांगायचो, बघा कशी निवडते. तिला कोनी इचारलं न्हाई का तुला भ्या वाटते का. म्याबी न्हाई.

ते समदं त्या दुकानात माह्या अंगावर आलं. नातीला काही सांगायचं न्हाई, एवढंच ठरवलं. ती म्हनली, "आज्जे, आता बघ. दिसलं का?"

मी पुन्यांदा वाकले. उजवाच डोळा लावला. का, तर वाटलं आता तरी दिसंल. काळंच. म्या म्हनलं, "व्हय की. दिसलं. झकास! विटाची भिंत."

मंग नात हळूच म्हनली, "आज्जे, पट्टी माह्या हातात हाय. खाली काहीच ठेवलं न्हाई."

जाऊ खदखदून हसली. "बाईनं बिनविटाची भिंत बांधली!" मंग माह्या तोंडाकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावला.

"काहून खोटं बोललीस?" नात म्हनली. म्या पदरानं नळी पुसाय घेतली.

दुकानदारानं इस्टूल पुढं केलं. "मावशी, बसा. उजवा डोळा झाका. मी दिसतो का?"

"दिसता."

"आता डावा झाका."

डावा झाकला अन् दुकान गेलं. दुकानदार गेला, नात गेली, जाऊ गेली. कानाच्या बाजूनं चतकोर भाकरीएवढा उजेड तेवढा राहिला. मी हात काढला, समदं परत आलं. पुन्यांदा झाकला, पुन्यांदा गेलं. असं किती बार केलं, मलाच ठाऊक न्हाई. शेवटी नातीनं माहा हात धरून ठेवला.

एक डोळा कवा गेला, मला ठाऊकच न्हाई, हेच मोठं भ्या. दोन्ही उघडे असले का डावा समदं सांभाळून घेतो. मंग उमगत गेलं. उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. चहा कपात वततानी बशीत पडायचा, सून म्हनायची हात कापतेत. उजवीकडून आलेली फटफटी मला अंगावर आल्यावरच दिसायची, मी पोराला शिव्या द्यायचे का हाकतो कसा.

नात म्हनली, "चल, डोळ्याच्या दवाखान्यात."

"आधी ती लोखंडाची बांधून घे."

"आज्जे, पैसे तिथं लागतीन. मला दुर्बीन नको."

"म्या शब्द दिला हाय. घे म्हनते ना!"

दुकानदाराला वाटलं असंल, म्हातारी मोठ्या मनाची हाय. खरं सांगते. मला शब्दाची पडली न्हवती, पोरीच्या हौसेचीबी न्हाई. दुर्बीन घेतली का पैसे सरतीन, पैसे सरले का बस धरून घरी जायचं. मंग दुसराबी जानार का, हे मला कोनी सांगनार न्हाई. मला ते ऐकायचं न्हवतं.

जाऊ माही समजूत काढू लागली. मनानं चांगली हाय ती. म्हनली, "बाई, भेता कशाला? मोतीबिंदू असंल. माहा न्हवता का? अजून पिकला नसंल. पिकू द्या, मंग शिबिरात फुकट काढतेत."

पिकू द्या. मायला सांगितलं तेच, तसंच, मायेनं. तवा मायजवळ बसून मान हालवनारी मीच व्हते.

मी इस्टुलावरून उठले. "न्हाई," म्या म्हनलं. "पिकू द्यायचं न्हाई. चल गं पोरी." चप्पल घालतानी उजवी डाव्या पायात घातली. दुकानदार म्हनला, "लोखंडाची ठेवून देतो मावशी, दुसऱ्याला इकत न्हाई. आधी डोळे दावा."

दवाखान्यात बाकड्यावर लई बसवलं. डोळ्यात थेंब टाकले, ते झोंबले. आजूबाजूला समदी माह्यासारखी, मान वर करून डोळे मिटलेली. नात माहा हात सोडत न्हवती अन् तिचा तळवा घामानं ओला झाला व्हता. मी तिला म्हनलं, "भिऊ नको." ती म्हनली, "मी न्हाई भेत." दोघीबी खोट्या.

डॉक्टरीन बाईनं हनुवटी टेकवायला लावली अन् तिच्या मशीनीतून माह्या डोळ्यात बघू लागली. डोळ्याला उजेड टोचत व्हता, पर मी पापनी हालवली न्हाई. लई येळ बघितलं. पुन्यांदा उजवा, पुन्यांदा डावा. ती कागदावर काहीतरी लिहीत व्हती, मला वाचता येत न्हाई, नातीच्या तोंडाकडं बघावं तं थेंबानं तेबी धुकट.

म्या मायच्या डोळ्याचं सांगितलं अन् इचारलं, "पिकला का?"

"आजी, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे," ती म्हनली. "हा पिकत नाही. हा आतली नस खात जातो, गुपचूप."

"मंग उजवा?"

"उजव्याचं गेलेलं परत येणार नाही."

"अन् डावा?"

तिनं पुन्यांदा कागद बघितला. तेवढ्यात मी मेले. "डाव्यातही सुरू झालाय. औषधाचे थेंब रोज टाकायचे, जन्मभर, एक दिवसही चुकवायचा नाही. दर थोड्या महिन्यांनी दाखवायला यायचं. तर टिकेल."

"टिकल? बराबर?"

"बहुतेक टिकेल. खात्री कशी देऊ? आणि तुमच्या आईचे असेच गेले म्हणता, तर मुलाचेही डोळे तपासून घ्या. हे घराण्यात चालतं."

जाऊ परतीच्या बसमधी एक शब्द बोलली न्हाई. खिडकीबी मला दिली. मी उजवा झाकायचे, डावा झाकायचे. औंढ्याचा कळस एका डोळ्यात यायचा, दुसऱ्यात पुसायचा.

आठ दिसानं लेकानं लोखंडाची दुर्बीन आनून दिली. त्याचेबी डोळे तपासले, अजून धड हायेत, देवाला हात जोडले. नात ती खिडकीत ठेवते, उजेडाला. आमच्याकडं लाईट जाते, पर आरशाला लाईट लागत न्हाई, म्हनून तीच चांगली निघाली. आधी माह्या डोळ्यात थेंब टाकते, मंग मला बघू देते. म्या डाव्यानं कांद्याच्या विटा बघितल्या. पान्यातला जीव बघितला, पाय नसून पळनारा. चांगलं वाटते. पर नळीपासून डोळा उचलतानी मनात येते, का आता म्होरं घर असंल का नसंल.

अजून बी रोज सकाळी उठले का आधी भ्या येते. डोळे मिटून मी घडीभर पडून राहते. सून चहाचं आधन ठेवते, त्याचा आवाज येते. मंग उजव्यावर हात ठेवते अन् डावा उघडते. आढं दिसते. आढ्याला टांगलेलं शिंकं दिसते. तवा उठते. भ्या गेलं असं म्या म्हननार न्हाई, खोटं बोलले तेवढं बस झालं.

वाचनाऱ्याला एकच मागनं हाय. आता हे वाचून झालं का बसल्या जागी एक डोळा हातानं झाका अन् म्होरं बघा. मंग दुसरा झाकून बघा. घरातल्या म्हाताऱ्या मानसाला बी बघायला लावा, ते न्हाई म्हनलं तरी. दोन्हीत फरक वाटला तं त्याच दिशी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या.