स्टीलच्या वाटीतलं उष्टावण

एसटी सुटता सुटता आईने खिडकीतून नाचणीच्या सत्त्वाची पिशवी आत ढकलली. "उपाशी रवू नको, आणि कोणाक उपाशी ठेवू नको," ती म्हणाली. बाबा मागे उभे होते. "मुंबयत गप रव. दुसऱ्याच्या चुलीत डोकावू नको." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, गावातल्या तुम्ही सगळ्यांनी हातभार लावून शिकवलेला. दोघांचंही ऐकायचं मी ठरवूनच निघालो होतो. पण मरोळला एका दारात दोघांचे उपदेश एकमेकांसमोर उभे राहिले, आणि मला एक निवडावा लागला.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकची झाकणं करणाऱ्या कंपनीत मी क्लार्क होतो. तिथेच पॅकिंगला सुलभाताई होत्या. चाळीत माझ्या शेजारच्याच खोलीत राहायच्या. बाळंतपणानंतर घरी बसल्या तर जागा जाते, म्हणून ओल्या अंगानेच कामावर आल्या होत्या. दिवसभर बाळ सासूकडे. अंगावरचं दूध आटत गेलं, मग दुधात पाणी वाढत गेलं. त्यांची पिंकी वर्षाची होत आली तरी बसत नव्हती. पोट पुढे, हातापायांच्या काड्या, केस तांबूस. दवाखान्यातल्या नर्सबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "दुधावर हिचं भागत नाही. भात, डाळ, काहीतरी मऊ भरवा. नाहीतर मुलगी हाती लागायची नाही."

पण उष्टावण झालं नव्हतं, आणि पहिला घास मामाने भरवायचा. तुम्हाला हे सांगायला नको, आपल्याकडची रीत तुम्ही जाणता. गावात मामा हाकेवर असतो. इथे पिंकीचा मामा, दिगंबर, लालबागला होता आणि गिरण्यांचा संप चालू होता. भाचीच्या उष्टावणाला चांदीची वाटी न्यायची तर आणणार कुठून? "रिकाम्या हाताने कसा येऊ," असा त्याचा निरोप यायचा. सासूबाई म्हणायच्या, "मामाच्या हातचा घास पडल्याशिवाय अन्न लावायचं नाही. आमच्यात चालत नाही."

आमच्या ऑफिसातले एक साहेब म्हणायचे, "अडाणी लोक. पोरं होतात, खायला घालायची अक्कल नसते." मी पदवीधर म्हणून हे मला विश्वासात घेऊन सांगायचे. बाळंतिणीला जागा जायची भीती कोणी घातली, त्याबद्दल मात्र त्यांना काही म्हणायचं नसायचं. अडाणी म्हटलं की बाकीचे सगळे सुटतात.

एका रविवारी मी स्टोव्ह पेटवला. आईच्या सत्त्वाची पातळ लापशी केली, गूळ आणि चमचाभर तूप घातलं, स्टीलच्या वाटीत ओतली आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आजी, पाट मांडा. मामा आलाय."

म्हातारीने मला खालून वर पाहिलं. "तू कोण रे? ना नात्याचा ना गोत्याचा."

"सुलभाताईंचा भाऊ."

"कधीपासून?"

सुलभाताई चुलीपाशी होत्या. त्या उठल्या, ताम्हनात निरांजन ठेवलं. "आजपासून," त्या म्हणाल्या. "बस रे पाटावर." तोवर त्या मला अहो-जाहो करायच्या.

"आणि चांदीची वाटी?" म्हातारीने विचारलं.

"हिला चव कळते आजी, भाव कळत नाही."

पिंकीने पहिला घास थुंकला. दुसराही. तिसऱ्याला तिने ओठ चाटले आणि चमच्यामागे मान वळवली. म्हातारी तोंड फिरवून बसली होती, पण बघत होती.

त्याच आठवड्यात पिंकीला जुलाब लागले. "झाली हौस? वाट लागली ना पोरीची," म्हातारी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलली. मी हादरलो. बाबांचे शब्द कानात वाजत होते. पण ताई पोरीला घेऊन तडक दवाखान्यात गेली. नर्सबाई म्हणाल्या, "खाण्याने नाही, पाण्याने झालंय. पाणी उकळा, आणि भरवायचं थांबवलंत तर बघा." ताई घरी आली, पाणी उकळत ठेवलं आणि सासूसमोर माझ्याकडे वाटी पुढे केली. "दादा, लापशी कर." मी केली.

पिंकी वाचली. गावाहून येणाऱ्या कोणाबरोबरही आई सत्त्व पाठवत राहिली. मग एक दिवस दिगंबर आला, रिकाम्या हातांनी. दाराला धरून उभी असलेली भाची त्याने पाहिली आणि माझ्याकडे वळला. "माझा मान घेतलास तू."

"घेतला. परत हवा तर रोज ये आणि भरव."

तो चिडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. गिरणी बंदच होती. ताई कामावर असताना तो पिंकीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवायचा, आणि म्हातारी बाजूने सांगायची, "कालव नीट, मेल्या, गोळा लागेल तिला."

पुढे वस्तीत कोणाचा मामा गावी असला, संपात अडकला असला किंवा रुसला असला, की मला बोलावणं येऊ लागलं. कुठे नाकं मुरडली गेली, एका घरातून मला हाकलूनही दिलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. रीत पोरांसाठी आहे, पोरं रितीसाठी नाहीत, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

आता पिंकी शाळेत जाते. बाबा अजून विचारतात, घरी कधी येणार. बाबा, मे महिन्यात येईन, आंबे खाईन, आईने दिलेली पिशवी घेऊन परत निघेन. आपल्यासारख्याच गावांतून आलेले इथले लोकही विचारतात, तुझं घर कुठलं. ज्या दारात "पोर जेवलं का?" असं विचारल्यावर मला कोणी "तू कोण रे?" म्हणत नाही, ते माझं घर. आणि जिथे अजून म्हणतात, तिथे मी पाट मांडायला सांगतो.