कोलंबोत ताईची दहा बोटं

ठेचा हा द्रवपदार्थ आहे, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका विमानतळावर कळलं. हिरव्या मिरचीचा, तव्यावर परतून खलबत्त्यात कुटलेला, लसणाच्या पाकळ्या अजून डोळे वटारून बघताहेत असा ठेचा. बरणी उलटी केली तरी जागचा हलायचा नाही. पण सुरक्षा तपासणीतल्या तरुणाने बरणी उजेडात धरली, वास घेतला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "लिक्विड आहे." मी निषेध नोंदवला. मिरचीच्या वतीने, वऱ्हाडच्या वतीने आणि भौतिकशास्त्राच्या वतीने. बरणी कचऱ्याच्या डब्यात गेली. हा अन्याय इतिहासात कुठे तरी नोंदला जावा म्हणून माझ्या ब्लॉगची सुरुवात त्यानेच करतो आहे. वाचकांनी बोध घ्यावा: ठेचा चेक-इनच्या बॅगेत टाका.

बरणी ताईची होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय एकोणसाठ, मुक्काम हिवरखेड. घरचा पानमळा आहे. तिशीपासून ती विड्याची पानं खुडते आणि मोजते. तिची मुलगी मीना कॅनडात असते. मीना बाळंत होणार होती. आधीचं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायला बंदी केलेली, आणि जावई कारखान्यात पाळीवर. दिवस भरायला नऊ आठवडे उरले होते. ताईला त्याआधी तिथे पोचायचं होतं. बाकी या प्रवासात जे काही घडलं, ते याच्यासाठी.

मग श्रीलंका कशाला? तर सरावासाठी. ताई त्याआधी विमानात बसली नव्हती. वीस तासांचा प्रवास एकदम झेपायचा नाही, आधी अडीच तासांचं विमान करून बघू, असा माझा विद्वान विचार. अमरावतीत बायको शिकवते त्या शाळेत परीक्षा होत्या, त्यामुळे मी आणि ताई दोघंच. तिकिटं काढली आणि आठच दिवसांनी कॅनडाच्या अर्जाचं उत्तर आलं: तीस दिवसांत बोटांचे ठसे द्या. आपल्याकडच्या केंद्रात मला मिळत असलेली तारीख बरीच पुढची होती. पण पत्र नीट वाचलं तर केंद्र जगातलं कुठलंही चालतं, फक्त त्या देशात तुम्ही रीतसर शिरलेले हवेत. कोलंबोत आमच्या मुक्कामातलाच शेवटचा दिवस रिकामा होता. मी लगेच तो घेतला आणि दोन दिवस घरात छाती काढून फिरलो.

मी बडनेऱ्याला गाडीत बसलो, ताई अकोल्याला चढली. भाऊजी तिला पोचवायला आले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन त्यांनी बायकोला निरोपाचं एकच वाक्य ऐकवलं, "तथी कोणाशी भांडू नको." ताई म्हणाली, "मंग जाऊन काय करू?"

पहिले दोन दिवस कँडीत. विमानतळावरून कँडीला बस सोडून आम्ही टॅक्सी केली, ही चूक तुम्ही करू नका. बस स्वस्त आहे आणि टॅक्सी त्याच गर्दीत तिच्या मागे उभी राहते. जेवण म्हणजे भात, नारळ, पुन्हा नारळ. ताईने तीन घास खाल्ले आणि ठेच्याची आठवण काढून माझ्याकडे असं बघितलं, जणू बरणी मीच त्या डब्यात ढकलली असावी. बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या दंतमंदिरातल्या रांगेत हातात कमळं घेतलेल्या बायका होत्या. ताईने एकीला खुणेने भाव विचारला, ऐकला, आणि मला म्हणाली, "महाग हाय. पण फूल ताजं हाय, लुबाडून नाई राहिली."

खरी मजा मंडईत झाली. तिथे विड्याच्या पानांची दुकानं दिसली आणि आठ तास पाय दुखतात म्हणणारी ताई माझ्या पुढे चालायला लागली. तिकडे पाहुण्याला, वडीलधाऱ्याला पानांची चळत देऊन नमस्कार करतात. ताईने एक चळत उचलली. डाव्या हातात धरली, उजव्या अंगठ्याने पानांच्या कडा सरसर सोडल्या. पत्ते पिसणाऱ्याला लाज वाटावी असा वेग. मग चळत परत ठेवून विक्रेतीला तीन बोटं दाखवली. तीन कमी.

विक्रेती तोंडाला पदर लावून हसली. स्वतः मोजली. मग तीन पानं चळतीत घातली आणि एक जास्तीचं ताईच्या हातात दिलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी पंधरा मिनिटं त्या बोलत होत्या. ताईने आपला अंगठा दाखवला, तिने तिचा. मी शेजारून वाकून पाहिलं. ताईच्या अंगठ्याचं पेर गुळगुळीत होतं, नदीतल्या गोट्यासारखं. रेषा नव्हत्याच.

"ताई, हे काय?"

"काय काय? आंगठा हाय."

"यावर रेषा कुठंयत?"

"पानं घेऊन गेले," ती म्हणाली. "रेशनच्या मशिनवर बी कईकई लागत नाई. दहादा ठेवा लागते."

हे मला कँडीत कळतंय. अर्ज मी भरला, तारीख मी घेतली, छाती मी काढली. आणि जिच्या बोटांचे ठसे द्यायचे तिच्या बोटांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

उरलेले दोन दिवस मी तिची बोटं जपली. पिशवी उचलू दिली नाही, कपडे धुऊ दिले नाहीत. औषधाच्या दुकानातून हाताला लावायचं महागडं मलम आणलं. ताईने ते हुंगून विचारलं, "हे खायचं हाय का लावायचं?" शेवटच्या दिवशी सकाळी मी आणखी एक हुशारी केली. केंद्रात फोटोही काढतात. ताईचे केस खोबरेल तेलाने असे थापलेले असतात, की वरून पाणी ओतलं तर घरंगळून जाईल. मी शाम्पूची पुडी दिली. "आज तेल नको. चांगलं दिसत नाही." ताईने मुकाट्याने केस धुतले. वाळल्यावर ती आरशात बघून म्हणाली, "भूत दिसून राहिली मी," पण तेल लावलं नाही.

कोलंबोतली रिक्षा मीटरने घ्या. आमच्या हॉटेलपासून केंद्रापर्यंत आपले तीनशे रुपयेही लागले नाहीत. सोबत पत्राची छापील प्रत, पासपोर्ट आणि श्रीलंकेत शिरतानाचा शिक्का एवढं पुरतं. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. भाषेसाठी सोबत एक माणूस चालेल का, हे आधी विचारून ठेवा. मी विचारलं होतं, म्हणून आत जाता आलं.

खिडकीपलीकडे चाळिशीची एक बाई. साडी, चष्मा, थकलेला पण सभ्य चेहरा. काचेच्या छोट्या यंत्रावर आधी डाव्या हाताची चार बोटं. हिरवा दिवा. उजव्या हाताची चार. दोनदा लाल, मग हिरवा. मी सुटकेचा श्वास घेतला. मग दोन्ही अंगठे एकत्र.

लाल.

पुसून पुन्हा. लाल. जोर देऊन. लाल. हलका हात. लाल. बाईने ताईचा हात आपल्या हातात घेऊन अंगठा दाबला. लाल. माझं मलम तिने पाहिलं, बोट चोळून बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली, याने उलट चिकट झालंय. तिने ओल्या कापडाने सगळं पुसून काढलं. लाल.

"आणखी एकदा बघते," ती मला म्हणाली. "नाही झालं तर पुढच्या एखाद्या दिवसाची वेळ घ्या." आमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं. मी ते सांगितलं. ती म्हणाली, नियम माझा नाही.

"काय म्हणते?" ताईने विचारलं.

मी सांगितलं.

ताई बाईकडे वळली आणि सरळ वऱ्हाडीत म्हणाली, "बाई, पोरगी एकटी हाय तथी. पह्यलंवालं गेलं तिचं. आता मी नाई गेली तं कोण जाईन?"

बाई माझ्याकडे बघायला लागली. मी भाषांतर केलं. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. तेव्हा मात्र मी पदरचा एक शब्दही घातला नाही.

ताईने अंगठा केसांत घातला. घासला. बाहेर काढून पाहिला. कोरडा. "रेशनवाला सांगते, डोक्यावर घास, मंग लागते," ती पुटपुटली. "तं तू आजच तेल काढ म्हणालास." मग ती माझ्याकडे वळली. "दिल्या, डोकं दे इकडे."

"काय?"

"तू चोरून तेल लावतं न टकलाले. उशीले डाग पाह्यला म्या. दे डोकं."

हे खरं होतं. केस परत येतील म्हणून एका वैद्याने दिलेलं तेल मी रोज बाथरूमचं दार लावून चोळतो. बायकोलाही माहीत नाही. मागच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं बसली होती. मी मान मागे घेतली आणि हळूच म्हणालो, "ताई, लोक पाहून राहिले."

 ती नुसती हात पुढे करून उभी राहिली. ज्या हाताने मला शाळेत नेलं तोच, वगैरे लिहिण्याचा मोह मी टाळतो. हात पुढे होता आणि तो खाली जात नव्हता, एवढंच.

मी वाकलो. ताईने दोन्ही अंगठे माझ्या टकलावर गोल गोल फिरवले, कणीक मळावी तसे. मागून कुणीतरी हसलं. चष्मेवाली बाई जागेवरून अर्धी उठून बघत होती.

ताईने अंगठे काचेवर ठेवले. यंत्राने विचार केला. हिरवा.

बाईने पडद्यावर दोनदा खात्री केली. मग ताईला दोन्ही हात जोडले, आणि मला गंभीरपणे विचारलं, की तेल कोणतं. त्यानंतर फोटो झाला. फोटोतली ताई भूतच दिसते.

अठरा दिवसांनी पासपोर्ट पाठवा असा निरोप आला. ताई कॅनडाला गेली. विमानात तिने तीन वेळा जेवण परत केलं आणि शेजारच्या पंजाबी बाईशी मैत्री केली. ती पोचल्यावर सहाव्या दिवशी मीनाला मुलगी झाली. आठवडाभर आधीच, पण ठणठणीत. मीनाने फोनवर सांगितलं, की आई रात्रंदिवस बाळाची बोटं मोजत बसते.

आता हिशेब मांडला तर श्रीलंकेतलं काय उरलं? डोंगर, देवळं, समुद्र यांचे फोटो आहेत, मागाल तर पाठवतो. मला मात्र सारखी आठवते ती मागे घेतलेली मान. ताईने त्यावर एक शब्द काढला नाही. ती असं काही काढत नाही, म्हणून जास्त त्रास होतो.

गेल्या रविवारी सकाळची एसटी धरून हिवरखेडला गेलो. पानमळ्यात सावलीला भाऊजी एकटेच पानांच्या ढिगापुढे बसले होते. ताई नसल्याने मोजणी रखडलेली.

"कायले आला बापा? काई काम?"

"काही नाही. असंच."

मी शेजारी गोणपाटावर बसलो आणि एक ढीग पुढे ओढला. भाऊजींनी एकदा पाहिलं, कारण विचारलं नाही. तिसऱ्या शंभरालाच माझा अंगठा जळजळायला लागला. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीपर्यंत मी मोजत राहिलो. मध्ये भाऊजींनी माझी एक चळत उचलून सरसर सोडली, दोन पानं काढून टाकली आणि पुढचा ढीग माझ्याकडे सरकवला.