अकरा घरांचे काप

वैजयंतीला सूड घ्यायचा होता, आणि तो घेताना मी तिच्या बाजूला उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी समंजसपणाची अपेक्षा ठेवणार नाही. मी भीमाशंकर. सोलापुरातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं पुस्तकं बांधतोय. माझ्या टेबलापासून सहा फुटांवर वैजयंती लवटे कॉम्प्युटरवर बसते आणि लोकांनी लिहून आणलेलं टाइप करते. लग्नपत्रिका, गाइडं, साखर कारखान्याचे अहवाल, आणि सोलापुरात प्रत्येक गल्लीत एक याप्रमाणे असलेल्या कवींचे संग्रह. लोकांच्या चुका निमूट दुरुस्त करायची तिला सवय आहे. कवींना त्या दुरुस्त झाल्याचं कधी कळतही नाही.

ती सांगोला तालुक्यातल्या एका वाडीची. अकरा घरं, सगळी मेंढरांवर जगणारी, आणि चरायला सगळ्यांचा माळ एकच. संध्याकाळी आपलं मेंढरू ओळखायचं कसं, तर कानावरून. कोकरू जरा मोठं झालं की त्याच्या कानाला घरचा काप घालतात. एका घराचा शेंड्याला सरळ, दुसऱ्याचा कडेला त्रिकोणी, तिसऱ्याच्या नुसत्या दोन चिरा. वैजयंतीचे वडील मायाप्पा, त्यांच्या घरचा काप म्हणजे कानाच्या कडेला अर्धगोल आणि त्याखाली एक चीर. पोरगी अंक शिकायच्या आधी हे अकरा काप शिकली.

त्या वाडीत मेंढरू चोरीला गेलं आणि दुसऱ्याच्या कळपात सापडलं, तर कुणी पोलिसात जात नाही. चोरानं ते खांद्यावर घ्यायचं आणि सगळ्यांच्या देखत चालत येऊन धन्याच्या वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणात, सोडायचं. मग धनी त्याला तांब्याभर पाणी देतो. पाणी प्यालं की विषय संपला, पुन्हा त्याला कुणी चोर म्हणायचं नाही. वैजयंती नऊ वर्षांची असताना तिचं लाडकं कोकरू असंच परत आलं आणि मायाप्पांनी चोराला पाणी दिलं. हे सांगताना, वीस वर्षांनीसुद्धा, तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. “तीन महिनं त्यानं माजं कोकरू ठेवलं, काका. एका तांब्यात फिटतंय व्हय ते?”

एका दुष्काळात मेंढरं छावणीत बांधायची वेळ आली, तेव्हा ती बारावी होऊन मावशीकडं सोलापूरला आली आणि आमच्या छापखान्यात लागली. मालकानं विचारलं, टायपिंग येतं का? “व्हय, येतंय की,” ती म्हणाली. छापखान्यातली पोरं महिनाभर तिला “व्हय” म्हणूनच हाक मारत होती. ती गप्प राहिली. ती गप्प राहते तेव्हा विसरलेली नसते, हे त्या पोरांना पुढं वेगवेगळ्या प्रकारे कळलं.

कादंबरीची सुरुवात इतिहासाच्या एका गाइडातून झाली. त्यात अर्धं पान आयर्लंडवर होतं. बटाट्यावर रोग पडला, माणसं उपाशी मेली, उरलेली जहाजात बसून अमेरिकेला गेली, आणि तिथं त्यांच्या बोलण्याला लोक हसले. टाइप करता करता तिचा हात थांबला. “काका,” ती म्हणाली, “ही तर आमच्याच तालुक्यातली माणसं हायत की.”

त्या अर्ध्या पानावर तिनं चार वर्षं काढली. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं कॉम्प्युटरवरच लिहायचं. वाचनालयातून पुस्तकं आणायची, त्या काळातल्या न्यूयॉर्कचे नकाशे शोधून भिंतीवर चिकटवायचे. तिची नायिका ब्रिजिड, एका आयरिश मेंढपाळाची मुलगी, श्रीमंताच्या घरी कपडे धुणारी. शेजारच्या घरातली मोलकरीण मरून पडते. पोलीस म्हणतात, आयरिश बाई होती, दारू पिऊन पडली असेल. ब्रिजिड म्हणते, नाही, आणि मारणाऱ्याला शोधायला एकटी बाहेर पडते. मी ती कादंबरी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असूनही माझा चहा गार झाला.

प्रकरणं अकरा होती आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तिनं एक छोटी खूण काढली होती. मी विचारलं तर म्हणाली, वाडीतल्या एकेका घराला एकेक प्रकरण. कादंबरीत मात्र त्या खुणांबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

पंचाक्षरी सरांना दाखव, असं मीच तिला सांगितलं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात मूर्ख वाक्य ते. सर निवृत्त प्राध्यापक, आमच्या छापखान्याचं जुनं गिऱ्हाईक, बोलणं साखरेच्या पाकातलं. त्यांनी कागद आठ महिने ठेवून घेतले आणि सांगितलं, “कच्चं आहे, बाळ. अजून वाचन वाढव.” तिनं वाचन वाढवलं. वर्षभरानं सरांच्या पुतण्यानं एका प्रकाशन समारंभाची पत्रिका टाइप करायला आणली. पुण्याच्या प्रकाशकानं काढलेली पंचाक्षरी सरांची ऐतिहासिक रहस्य कादंबरी, नायिका ब्रिजिड. वैजयंतीनं ती पत्रिका टाइप केली. तिच्याच लेकराच्या बारशाला तिला बोलावणं नव्हतं, पत्रिका मात्र तिच्याच हातची.

ती सरांच्या घरी गेली, मीही गेलो. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, “वैजयंती, ही मी तुला टाइप करायला दिली होती. विसरलीस का?” ती म्हणाली, फाइल माझ्या कॉम्प्युटरवर हाय. सर हसले. “तुझ्या कॉम्प्युटरवर तर अख्ख्या सोलापूरच्या फाइली आहेत. त्या सगळ्या तूच लिहिल्यास का?”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण त्यांनी बरोबर ठिकाणी घाव घातला होता. टाइप करणाऱ्या बाईकडं टाइप केलेला मजकूर असणारच, त्याला पुरावा कोण मानणार? आणि मी साक्ष द्यायची तर मी पुस्तकं शिवणारा माणूस. मालकानं दुसऱ्या दिवशी तिला सांगून टाकलं, सर जुने आहेत, विषय वाढवू नकोस.

मग तिनं ते पुस्तक विकत आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत प्रस्तावना वाचायला घेतली. वाचता वाचता ती हसायला लागली. दीड महिन्यात पहिल्यांदा. सरांनी लिहिलं होतं की प्रकरणांच्या माथ्यावरची चिन्हं प्राचीन आयरिश शिळांवरची असून ती आपण अनेक वर्षांच्या अभ्यासातून गोळा केली आहेत. आयत्या बिळात शिरलेल्या नागोबाला आता बीळ आपण खणलं हे सांगायचीही हौस आली होती.

“आत्ताच बोलूया,” मी म्हणालो. “न्हाय,” ती म्हणाली. “अजून बोलू दे त्यास्नी. लई बोलू दे.”

तिनं आईच्या, गोजरबाईंच्या, नावानं सरांना पत्र लिहिलं. आपण इतिहासाच्या अभ्यासक आहोत, तिसऱ्या चिन्हाचा अर्थ सांगाल का? सरांना वाचकांच्या पत्रांना स्वहस्ते उत्तर द्यायचा नाद. आठवड्यात सहीचं उत्तर आलं. तिसरं चिन्ह चंद्रदेवीचं, अर्धगोल म्हणजे चंद्रकोर, खालची रेघ म्हणजे समुद्र. मायाप्पांच्या मेंढराच्या कानात सरांना समुद्र दिसला होता. तिनं आणखी तीन पत्रं लिहिली. दर उत्तरात सर आणखी खोल जात गेले. पाचवं चिन्ह युद्धाचं, आठवं सुगीचं, अकरावं मृतात्म्यांचं. ती चारही उत्तरं तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही सरत आलं. ती रोज वेळेवर यायची, कवींच्या चुका दुरुस्त करायची. मी चिडायचो, ती नाही. तिचा राग थंड झाला नव्हता, मुरत पडला होता.

मग कादंबरीला पुरस्कार मिळाला. रविवारी सकाळी सभागृहात सत्कार, पहिल्या रांगेत पुण्याचे प्रकाशक ईश्वरप्पा, पडद्यावर अकरा चिन्हं मोठी करून दाखवलेली. सरांनी एकेकाचा अर्थ सांगितला. नंतर श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा वैजयंती उठली.

“सर, ही चिन्हं तुमीच शोधली?”

“अर्थात.”

“दुसऱ्या कुणी काढून दिली न्हाईत? टाइप करणाऱ्या बाईनं बी न्हाय?”

सर हसले. “टाइप करणाऱ्या बाईला प्राचीन आयर्लंड कुठून माहीत असणार?”

ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला ती तीन वर्षं थांबली होती. तिनं दाराकडं बघितलं. वॉचमनशी हुज्जत घालून मायाप्पा आत आले, काखेत कोकरू, मागं वाडीतल्या दहा घरांची दहा माणसं. मायाप्पांना त्या पुस्तकातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण पडद्याकडं बघून ते जागच्या जागी थांबले. “आरं, ह्यो आपल्या घरचा काप हितं कुणी काढला?” त्यांनी कोकराचा कान उलटून सगळ्यांना दाखवला. अर्धगोल, खाली चीर. मग मागची दहा माणसं पडद्याजवळ गेली आणि एकेकानं आपापला काप दाखवला. सुगीच्या चिन्हावर बोट ठेवून एक म्हातारा म्हणाला, “ही आमची मेंढरं.”

वैजयंतीनं पिशवीतून सरांच्या सहीची चार पत्रं काढली आणि मोठ्यानं वाचली. हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढं येत गेलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. मला फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

ईश्वरप्पांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून कादंबरीवर चार तास प्रश्न विचारले, मग सरांना तेच विचारले. आठवड्यात ठरलं की पुस्तक तिच्या नावानं पुन्हा निघेल आणि जुन्या प्रती बाजारातून काढून घेतल्या जातील. सरांनी निरोप धाडला, कोर्टकचेरी नको, म्हणशील ते करतो. ती म्हणाली, “जुन्या प्रतींचा एक गठ्ठा खांद्यावर घ्यायचा. वाडीवर यायचं.”

सर आले. फाट्यावर गाडी थांबली, पुढं वाट नाही. भर दुपारी, पांढऱ्या शर्टात, खांद्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन ते पायी आले. अकरा घरांची माणसं दोन्ही बाजूंना उभी. वाडग्याशी येऊन त्यांनी गठ्ठा खाली ठेवला तेव्हा शर्टावर सुतळीची खूण उमटली होती आणि ओठ सुकून पांढरे पडले होते. त्या क्षणी मला त्यांची दया आली. हेही खोटं नाही.

मायाप्पांनी तांब्या भरून ठेवला होता. तो त्यांनी लेकीच्या हातात दिला. “दे, वैजू. रीत हाय.”

सरांनी ओंजळ पुढं केली.

“रीत मेंढराची हाय, आण्णा,” वैजयंती बापाला म्हणाली. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि सरांकडं बघत सगळं पाणी स्वतः प्याली.