बाकाचं दुसरं टोक

याकोबकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते. घरच्यांना वाटलं, रडतेय. खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो हा, की आता बाकाचं खरं कोण सांगणार? माणूस गेला आणि मी बाक धरून बसले होते... स्वभावच तसला मेला! आई म्हणायची, ही गवळ्याला सोडेल, पण गायीला विचारेल, पाणी किती घातलंस म्हणून.

काका म्हणजे लोणावळ्यातल्या आमच्या मेथडिस्ट देवळाचे राखणदार. आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो. रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आलेल्या आमच्या पणजोबांच्या पिढीनं ते उभं केलं. दगडी भिंती, वर कौलं, आत सागवानी बाक. प्रत्येक घराचा बाक ठरलेला आणि बाकावर प्रत्येकाची जागाही. आमचा डावीकडचा तिसरा. भिंतीकडचं टोक दादाचं, वाटेकडचं माझं. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी वडिलांनी माझ्या टोकाला, बसायच्या फळीखाली, खिळ्यानं छोटासा क्रूस कोरला होता. उपदेश लांबला की माझी बोटं त्यावरून फिरत. दादा पुढं जमीन-जागांच्या व्यवहारात पडला आणि देवळात यायचा बंद झाला, पण मी काही त्याच्या जागी सरकले नाही. आमच्यात कुणी सरकतच नाही. पाहुणा चुकून दुसऱ्याच्या जागी बसला, तर अख्खी मंडळी गाणं सोडून त्याच्याकडे बघते.

दोन पावसाळ्यांपूर्वी एकेक बाक नाहीसा व्हायला लागला. विचारलं तर काका म्हणायचे, "पॉलिशला दिलाय, ताई." पॉलिशला? तीन-तीन आठवडे? इथले बंगलेवाले जुन्या सागवानासाठी जीव टाकतात, आणि देवळाच्या जागेवर डोळा असलेले तर पैशाला पासरी. एकदा काकांना टेम्पोत बाक चढवताना गाठलं, तर मला बघून त्यांनी घाईघाईनं ताडपत्री ओढली. आता ताडपत्री कशाला लागते हो पॉलिशला? मग आमचा बाक गेला, महिन्यानं परत आला. रविवारी सवयीनं बोटं फळीखाली गेली. गुळगुळीत. क्रूस नाही!

उपासनेनंतर सूचनांच्या वेळी मी उभी राहिले. "काका, आमचा बाक कुणाला विकलात?"

सगळ्यांसमोर. त्यांनी कमरेची देवळाची किल्ली काढून पुढच्या मेजावर ठेवली. "बाक तुमचाच आहे, ताई. नीट बघा."

"बघितलाय," मी म्हटलं.

त्यानंतर ते मागच्या दाराशी बसू लागले. घंटा दुसरं कुणी तरी वाजवायचं. कुणी त्यांच्याशी भांडलं नाही, पण उपासनेनंतरच्या चहाला हाकही मारली नाही. हे सगळं माझं कर्तृत्व.

दफनाला औंढ्याचे बबनआबा सुतार आले होते. मी त्यांच्याकडेही डोळे बारीक करूनच पाहिलं. मूठभर माती टाकून ते सरळ माझ्यापाशी आले.

"तिसऱ्या बाकाच्या ताई तुमीच न्हवं? तुमची फळी वाळवीनं आतनं पार खाल्ली व्हती. लय बाकांचं तसंच. म्या दुरुस्त केलं. याकोबभाऊ म्हनायचा, कुनाला बोलू नगं. वाळवीचं कळलं की देऊळ धोक्याचं म्हनून पाडत्याल, आन् जागा जाईल."

"मग मला का नाही सांगितलं?"

आबांनी हाताची माती झटकली. "तुमचा भाऊ जागंचं धंदं करतो न्हवं... याकोबभाऊला तुमचा भरवसा वाटंना."

घ्या! म्हणजे संशयाचं दुकान माझं एकटीचंच नव्हतं. राग आला, खोटं कशाला बोलू. रडूही आलं.

"आणि माझा क्रूस?"

"तेवडा तुकडा याकोबभाऊनं जपून कापाया लावला. नव्या फळीला खालनं बसवलाय की."

तरी माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी किल्ली मागून एकटीच आत गेले. माझ्या टोकाला फळीखालून हात फिरवला. गुळगुळीत. खोटारडा सुतार, म्हटलं, आणि उठले. उठले ती तशीच थांबले... आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीकडे सरकले, दादाच्या जागी. हात खाली घातला.

क्रूस तिथं होता. आबांनी फळी बसवताना टोकांची अदलाबदल केली होती. कोण कुठं बसतं हे सुताराला काय ठाऊक! दोन रविवार नव्हे, दोन वर्षं तो माझ्यापासून दोन हातांवर होता, आणि मी जागची हलले नव्हते.

आता छपराचे वासेही आम्ही सगळ्यांनी मिळून तपासून घेतलेत, वाळवी कुठंच उरलेली नाही, म्हणून हे छापायला देतेय. दादानंही वाचावं. मी हल्ली भिंतीकडेच बसते. मंडळी गाणं सोडून बघते, बघू दे. मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. काका, नीट बघितला. बाक आमचाच आहे.